आभासी जगाची मुशाफिरी आणि डोलवीचा बांध

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी हे गाव मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर, वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान वसलेले आहे. अंबा नदी येथून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीकाठी खारभूमीतील भातशेती, तिचे राखण करणारे मातीचे बांध, मालवाहू बार्जेसची ये-जा आणि रात्रंदिवस चालणारा पोलादाचा प्रचंड कारखाना असे या परिसराचे दर्शन प्रवाशाला घडते. शेती, मासेमारी आणि अवजड उद्योग अशी तीन जगे येथे एकमेकांना खेटून नांदत आहेत.

या तीन जगांत आता चौथ्याची भर पडली आहे. हे जग हाताला लागत नाही. परंतु हातातील भ्रमणध्वनीच्या अथवा संगणकाच्या पडद्यावर त्यात केव्हाही शिरता येते. तेथे रस्ते आहेत, डोंगर आहेत, बाजारपेठा, सभागृहे आणि संग्रहालये आहेत. तेथे चालता येते, उडता येते, घर बांधता येते आणि हजारो कोस दूर असलेल्या माणसाशी समोरासमोर बोलावे तसे बोलता येते. यालाच ‘आभासी जग’ असे म्हणतात. खेड्यापाड्यांतील तरुण पिढी या जगात सहजपणे वावरू लागली आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांना मात्र तो केवळ वेळेचा अपव्यय वाटतो. हे जग नेमके आहे तरी काय, ते चालते कसे आणि डोलवीसारख्या गावाला त्याचा खराखुरा उपयोग कोणता, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आभास म्हणजे काय?

चित्रपटातही आपण दूरची स्थळे पाहतो. परंतु चित्रपटात कॅमेरा नेईल तिकडेच प्रेक्षकाला जावे लागते. आभासी जगाचे वैशिष्ट्य असे, की तेथे पाहणारा स्वतःच्या इच्छेने वळतो, थांबतो आणि मागे फिरतो. त्याच्या प्रत्येक हालचालीनुसार समोरचे दृश्य बदलते. दुसरे वैशिष्ट्य असे, की त्याच वेळी इतर माणसेही तेथे हजर असतात आणि ती परस्परांना दिसतात. तिसरे वैशिष्ट्य सातत्याचे. संगणक बंद करून माणूस निघून गेला तरी ते जग चालूच राहते. दुसऱ्या दिवशी परत यावे, तर काल बांधलेली भिंत जागच्या जागी आढळते.

या जगात वावरण्यासाठी प्रत्येकाला एक रूप धारण करावे लागते. या रूपाला जगभर ‘अवतार’ असेच म्हणतात. आपल्या पुराणकथांतील हा शब्द पाश्चात्त्य संगणकतज्ज्ञांनी जसाच्या तसा उचलला. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील लुकासफिल्म या संस्थेने ‘हॅबिटॅट’ नावाचे चित्रमय सामूहिक जग चाचणीसाठी खुले केले. त्यात सहभागी होणाऱ्याच्या पडद्यावरील प्रतिमेस हे नाव देण्यात आले आणि पुढे ते रूढ झाले.

शब्दांच्या भुयारापासून चित्रांच्या नगरीपर्यंत

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी एक सामूहिक संगणकीय खेळ रचण्यास आरंभ केला. त्यात एकही चित्र नव्हते. ‘तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात’ अशा धर्तीची वर्णने पडद्यावर उमटत आणि खेळाडू आज्ञा टंकलिखित करून पुढे सरकत. शब्दांनी उभे केलेले हे जग आजच्या सर्व आभासी जगांचे पूर्वज मानले जाते.

१९९२ मध्ये नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीत ‘मेटाव्हर्स’ हा शब्द अवतरला. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या संस्थेने ‘सेकंड लाइफ’ हे जग सर्वांसाठी खुले केले. येथे जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नव्हता. फिरावे, भेटावे, बांधावे, विकावे, एवढाच व्यवहार होता. विशेष म्हणजे तेथील बहुतेक सर्व वस्तू, म्हणजे घरे, कपडे, झाडे आणि वाहने, संस्थेने नव्हे तर रहिवाशांनीच बनविलेल्या होत्या. या जगाला स्वतःचे चलन होते. जमिनीचे तुकडेही मिळत. तेथील एक ‘प्रदेश’ २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. आपल्या हिशेबाने हे क्षेत्र सुमारे १६ एकर भरते. २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडन या देशांनी तेथे आपापली आभासी दूतावास-दालने उघडली. स्वीडनचे दालन काही वर्षांनी बंद झाले. उद्घाटनाचा गाजावाजा सोपा असतो. परंतु रोज येणाऱ्या पाहुण्यासाठी ताजी माहिती आणि बोलायला माणूस ठेवणे हे कष्टाचे काम असते, हा बोध अशा प्रयोगांतून घेण्यासारखा आहे.

पडद्यामागील यंत्रणा

ही किमया घडते कशी? आभासी जगातील प्रत्येक बिंदूला तीन आकडे असतात : पूर्व-पश्चिम अंतर, दक्षिण-उत्तर अंतर आणि उंची. असे बिंदू जोडून लहान लहान त्रिकोण बनतात आणि अशा असंख्य त्रिकोणांनी डोंगर, घर किंवा माणसाचा चेहरा घडतो. त्यावर रंगाचा आणि पोताचा लेप चढविला जातो. पेणच्या मूर्तिशाळांतून प्रथम कच्ची मूर्ती आणि नंतर रंगकाम व डोळ्यांची आखणी होते, तसाच हा प्रकार होय.

जगाची मूळ नोंदवही मध्यवर्ती संगणकात असते. त्यास ‘सर्व्हर’ म्हणतात. अवताराने पाऊल टाकले की त्याची वर्दी सर्व्हरकडे जाते, तेथे नोंद होते आणि आसपासच्या सर्वांना ती कळविली जाते. संपूर्ण जग एकदम कोणाकडेच पाठविले जात नाही. जवळचे आधी, दूरचे नंतर, या क्रमाने दृश्य येते. म्हणूनच जोडणी मंद असली की दूरचा डोंगर धूसर दिसतो आणि घरे एकेक करून उगवल्यासारखी वाटतात. पडद्यावरील चित्र सेकंदाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटले जाते, त्यामुळे हालचाल अखंड भासते. डोळ्यांवर चढविण्याच्या विशेष चष्म्यात दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविली जातात आणि त्यातून खोलीचा भास निर्माण होतो. मान वळविल्यावर चित्र वळण्यास विलंब झाला, तर मात्र चक्कर आल्यासारखे वाटते.

खऱ्या जगाची प्रतिकृती

आभासी जगाचा दुसरा प्रकार कल्पनेवर नव्हे, तर खऱ्या भूप्रदेशाच्या मोजमापांवर उभा राहतो. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ ही सेवा खुली झाली आणि सामान्य माणसाला पृथ्वीचा गोल बोटाने फिरवून आपले घर शोधता येऊ लागले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर भारतीय उपग्रहांनी टिपलेली देशाची चित्रे पाहता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भू-स्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्याची मोठी मोकळीक दिली. पुढे जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची सभोवार दिसणारी छायाचित्रे देशातील दहा शहरांपुरती उपलब्ध झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ही महाराष्ट्रातील चार शहरे होती.

या सोयींचे मोल कमी नाही. आजारपणामुळे अथवा अपंगत्वामुळे ज्याला प्रवास शक्य नाही, त्यालाही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील कलाकृतींची चित्रे घरी पाहता येतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत रायगड आणि खांदेरी हे दोन किल्ले याच जिल्ह्यातील आहेत. रायगड चढण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्याचा डोंगर उपग्रहचित्रात चारही बाजूंनी न्याहाळला, तर राजधानीसाठी हीच जागा का निवडली गेली, हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर उमगेल. २०२० च्या करोना साथीत शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवातील मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे आवाहन केले होते आणि मंडळांनी ऑनलाइन दर्शनाची सोय करावी, असे सुचविले होते. त्या वर्षी पेण परिसरातील मूर्तिकारांना झळ सोसावी लागली, हे खरे. परंतु दूरदर्शनाने भाविकांची निदान एक गरज भागली.

पाहुणा, रहिवासी आणि कर्ता

आभासी जगात येणाऱ्या माणसाच्या तीन पायऱ्या सांगता येतील. पहिला पाहुणा, तो केवळ पाहतो. दुसरा रहिवासी, तो तेथे मित्र जोडतो, शिकतो, व्यवहार करतो. तिसरा कर्ता, तो त्या जगात स्वतः काही घडवितो. आपल्याकडील बहुसंख्य तरुण पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. दुसऱ्याने रचलेल्या नगरांतून ते तासन् तास हिंडतात. परंतु स्वतःचे गाव त्या जगात कसे दिसते, हे क्वचितच पाहतात. वस्तुतः गावाच्या दृष्टीने तिसरी पायरीच सर्वांत महत्त्वाची आहे. याचे कारण डोलवीच्या बांधातच सापडते.

बांध नकाशात का हरवतो?

खारभूमीचे जीवन बांधावर अवलंबून असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीचे पाणी चढते. बांध त्यास अडवितो आणि बांधातील उघाडीमधून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाते. बांधास एखाद्या ठिकाणी खांड पडली, की खारे पाणी भातखाचरांत पसरते आणि जमीन पुढील काही हंगाम नापीक होण्याची भीती असते. या प्रश्नाचे गांभीर्य ओळखून १९४८ मध्ये मुंबई राज्यात खारभूमीविषयक कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकास अधिनियम केला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा किनारपट्टीला समुद्राचा धोका किती निकट आहे, याची पुन्हा एकदा प्रचीती आली.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने डोलवी परिसराची आभासी प्रतिकृती तयार केली आणि उधाणाची उंची घालून पाणी कोठवर येईल, हे पाहावयाचे ठरविले. संगणक प्रत्येक ठिकाणची उंची तपासतो, पाण्याच्या पातळीहून सखल असलेली आणि खाडीशी जोडलेली जमीन शोधतो आणि ती निळी करतो. पद्धत सोपी आहे. अडचण आहे ती उंचीच्या आकड्यांची. जगभरासाठी विनामूल्य मिळणारी एक प्रमुख उंची-नोंद फेब्रुवारी २००० मधील अमेरिकन अवकाशयानाच्या अकरा दिवसांच्या मोहिमेतून तयार झाली. तिच्यात जमिनीचे सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचे चौकोन कल्पिले असून प्रत्येक चौकोनास उंचीचा एकच आकडा दिलेला आहे. मातीचा बांध काही मीटरच रुंद असतो. ३० मीटरच्या चौकोनात त्याची उंची आजूबाजूच्या खाचरांत विरून जाते. शिवाय अशा नोंदीतील चूकच काही मीटरांची असू शकते, म्हणजे बांधाच्या उंचीइतकी किंवा तिच्याहूनही जास्त.

याचा परिणाम असा, की अशा आभासी डोलवीत बांधच नसेल. पडद्यावर सारी खारजमीन पाण्याखाली गेलेली दिसेल आणि पाहणारा घाबरून जाईल. उलट कोणी सबंध बांध एकाच उंचीचा धरून रेखाटला, तर खचलेला भाग आणि नादुरुस्त उघाडी चित्रात येणार नाहीत, जमीन सुरक्षित दिसेल आणि पाहणारा निष्कारण निर्धास्त राहील. दोन्ही चित्रे सुबक असतील आणि दोन्ही खोटी असतील. आभासी जगाचा हा मूलभूत नियम आहे : त्यात जे घातले असेल तेच दिसते आणि जे घातले नसेल ते अस्तित्वातच नसते.

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे अतिशय सूक्ष्म नकाशे तयार केले जातात. परंतु त्या योजनेचा रोख वस्तीतील मिळकतींवर आहे. बांध कोठे खचला, उघाडीची झडप कोणत्या बाजूने गळते, उधाणाचे पाणी प्रथम कोणत्या खाचरात शिरते, ही माहिती कोणत्याही उपग्रहाकडे नाही. ती बांधावर आयुष्य काढलेल्या शेतकऱ्याकडे आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याकडे आहे.

कोळ्यांनी बांधलेली भिंत

अशा जाणत्या माणसांना संगणकाच्या जगात कसे आणावे, याचे उत्तर एका खेळाने दिले. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात एक घनमीटर आकाराचे ठोकळे एकावर एक रचून हवे ते उभारता येते. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या शासकीय नकाशा संस्थेने आपला संपूर्ण देश, शाळांना उपयोग व्हावा म्हणून, या खेळात मूळ मापात उभा केला. काही खोडकर खेळाडूंनी त्यात अमेरिकेचे ध्वज रोवले आणि आभासी सुरुंग लावून काही भाग उडवून दिला. खऱ्या डेन्मार्कमधील एक वीटही हलली नाही, ही गोष्ट निराळी.

याहून बोधप्रद उदाहरण संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी वसाहतविषयक संस्थेचे आहे. या संस्थेने २०१२ पासून या खेळाच्या निर्मात्यांसमवेत एक उपक्रम चालविला. वस्तीतील सार्वजनिक जागेची प्रतिकृती खेळात तयार करावयाची आणि रहिवाशांनी एकत्र बसून तीत आपल्याला हवे ते बदल करून दाखवावयाचे, अशी त्याची पद्धत होती. हैती देशातील ले काये या किनारपट्टीच्या शहरात या उपक्रमात कोळी बांधवही सहभागी झाले. संगणक त्यांच्या सवयीचा नव्हता आणि लिहिण्या-वाचण्याचीही त्यांना अडचण होती. परंतु पुराचे पाणी अडविण्यासाठी भिंत कोठे हवी, हे त्यांनी ठोकळे रचून दाखविले. कागदावरील आराखडा ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही रचलेली भिंत समजते. एवढेच नव्हे, तर ती चुकीच्या जागी असल्यास हटकताही येते.

डोलवी परिसरातील शाळा आणि महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हा धडा घेण्यासारखा आहे. ओहोटीच्या वेळी वडीलधाऱ्यांसमवेत बांधावरून चालत जावे, उघाड्यांची जागा आणि स्थिती टिपावी, मोजपट्टीने ठिकठिकाणी बांधाची उंची मोजावी आणि ही सर्व माहिती प्रतिकृतीत भरावी. त्यानंतर ती प्रतिकृती ग्रामसभेत पडद्यावर दाखवावी. एखादे वृद्ध शेतकरी उठून ‘येथे नाही, पाणी पलीकडून येते’ असे म्हणाले, तर तेथे दुरुस्ती करावी. अशा प्रतिकृतीने अभियंत्याच्या मोजणीची जागा घेता येणार नाही. परंतु बांधाच्या दुरुस्तीची मागणी करताना गावाजवळ तोंडी तक्रारीऐवजी सर्वांना दिसणारा आणि तपासता येणारा पुरावा राहील.

प्रवेश करताना घ्यावयाची काळजी

कोणत्याही परक्या गावी जाताना माणूस सावध असतो. आभासी जगातही तीच वृत्ती हवी. तेथील अवतारामागे कोण आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून स्वतःचा पत्ता, शाळेचे नाव, बँक खात्याचा तपशील आणि भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी कोणासही देऊ नये. आभासी जमीन अथवा वस्तू विकत घेण्याचे आमिष दाखविले जाते. अशा जमिनीचा सातबारा उतारा नसतो, तिचे अस्तित्व त्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिच्या अटींवर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत दिलेली वर्दी रक्कम रोखून धरण्याच्या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरते.

पालकांनीही केवळ मनाई करून भागणार नाही. मुलाशेजारी बसून ‘मला आपले गाव दाखव’ असे सांगितले, तर संवादाची सुरुवात होते आणि मूल कोणत्या जगात वावरते, हेही कळते.

गावाचे ज्ञान, गावाची प्रतिकृती

साधनांची आता तितकीशी उणीव नाही. उपग्रहचित्रे साध्या भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. ठोकळ्यांच्या खेळासाठी शाळेतील साधारण संगणक पुरतो. उणीव भासते ती गावची नेमकी माहिती गोळा करून त्या जगात नेणाऱ्या हातांची. याच पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ मध्ये विनोबा भावे यांचा जन्म झाला. भूदानासाठी त्यांनी देश पायी पालथा घातला. जमिनीचा प्रश्न गावोगाव चालत जाऊन, माणसांशी बोलूनच उमगतो, हे त्या पदयात्रेने दाखवून दिले.

आभासी जगाची मुशाफिरी करणाऱ्या नव्या पिढीलाही हाच मार्ग धरावा लागेल. दूरची नगरे आणि संग्रहालये तिने अवश्य पाहावीत. त्यातून दृष्टी विशाल होते. परंतु त्या मुशाफिरीतून मिळविलेले कौशल्य घेऊन तिने एकदा घराकडे वळावे आणि ओहोटी पाहून बांधावर जावे. डोलवीचा बांध आभासी जगात अचूक उभा राहिला, तर खऱ्या बांधाला कोठे माती हवी आहे, हे उधाण येण्यापूर्वीच साऱ्या गावाला दिसू शकेल.